फाटकावरचं गाणं

सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "गोटमार छोड़कर कुछ भी करो." झालं, आमचं नाटक तिथंच बसलं. आमच्या वर्गात जाम नदीच्या अल्याडची पांढुर्ण्याची पोरं होती तशी पल्याडची सावरगावचीही होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात जी दगडफेक होते तिच्यावाचून दुसरा विषयच कुणाला सुचत नव्हता. सर छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे, संगीताचे. त्यांना मंचावर शांतता हवी होती.

बारावीचं वर्ष होतं. आमच्या शाळेच्या वार्षिकोत्सवात दरवर्षी सिनेमाच्या गाण्यांवर नाच व्हायचे. त्या वर्षी एकीच्या डोक्यात किडा वळवळला की आपण आपलं स्वतःचं संगीत नाटक करू. गोष्ट आपली, गाणी आपली, चालीही आपल्याच. ती एक म्हणजे मीच. मला घरी सगळे 'फटाकडी' म्हणायचे, कारण माझं डोकं लवकर तापायचं आणि तापलं की आवाज व्हायचा. अशा माणसाच्या हाती नाटक देऊ नये, पण बाकी कुणी घेईना.

चार दिवस आम्ही जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली बसून नुसते भांडलो. कुणाला राजाराणी हवे होते, कुणाला भूत. मग एक दिवस सावरगावचा एक मुलगा उशिरा आला आणि वैतागून म्हणाला, "फाटक लागून होतं ना बे! अर्धा गाव तिथंच उभा होता."

मी म्हटलं, "कोण कोण होतं?"

तो सांगत गेला आणि आम्ही जेवायचं विसरलो. संत्र्यांनी भरलेली पिकअप होती, एक वरात होती, तिच्यातला नवरदेव घोड्यावरच पेंगत होता. परीक्षेला निघालेली एक मुलगी होती, आणि कापूस वेचायला निघालेल्या बायांचा टेम्पो. सगळे गाडीची वाट बघत उभे, आणि गाडी काही येत नाही. एवढंच आमचं नाटक. रेल्वे फाटक बंद आहे, आणि ते उघडेपर्यंत ज्याचं त्याचं गाणं.

मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. जो तो आपल्या घरातलं माणूस फाटकावर आणून उभं करू लागला. एकीनं आपली आत्या आणली, ती भांडणाशिवाय रांगेत उभीच राहू शकत नाही. पिकअपवाल्याचं गाणं ज्यानं रचलं त्याचे वडील खरोखर संत्र्याचे बगीचे घेत. त्यानं गाण्यात नागपूरच्या मंडीचे सगळे टोमणे घातले. भाषेवरून एकदा चांगलीच जुंपली. शाळा हिंदी, घर मराठी, आणि सरांना सगळं एका भाषेत हवं. शेवटी ठरलं, फाटकावरचं माणूस जसं बोलतं तसंच बोलेल. फाटकवाला हिंदीत, वेचणाऱ्या बाया आपल्या बोलीत, आणि नवरदेवाचा मामा दोन्ही भाषांत शिव्या देईल. शिव्या सरांनी कापल्या.

वेचणाऱ्या बाईचं गाणं माझ्या मैत्रिणीचं होतं.

तिच्याबद्दल सांगायला हवं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिची आई मजुरीनं कापूस वेचायची, पुष्कळदा आमच्याच वावरात, आणि रविवारी मैत्रीणही आईबरोबर यायची. सोमवारी बाकावर तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेले ओरखडे असायचे. वर्गात ती अगदी गप्प, प्रश्न विचारला तरी मान खाली. पण वावरात गायला लागली की आमचे बाबा, जे गाण्याला 'कल्ला' म्हणतात, तेसुद्धा पाण्याची मोटार बंद करून ऐकायचे. पुढच्या वर्षी ती नर्सिंग शिकायला बाहेरगावी जाणार हे ठरलेलं होतं. मंचावर ती कधीच चढली नव्हती. नाटक ठरलं त्या दिवशी घरी जाताना तिनं मला एवढंच सांगितलं, "मले एकदा माईकवर म्हणायचं हाय. बस, एकच डाव."

मी म्हटलं, "म्हणशील. मी बसली आहे ना इथं."

तालीम सुरू झाली. बाकीच्यांची गाणी तीन-चार तालमींत बसली. तिची वेळ आली, हार्मोनियमवाल्यानं सूर दिला आणि ती गायली:

"कापूस फुटला बाई, फुटला शिवारभर..."

सगळे थिजून ऐकू लागले. सरांची मान डोलली. आणि ती थांबली. आम्ही वाट बघितली. ती उभी. सरांनी पुढचा शब्द सांगितला, तिनं तो म्हटला, पण असा की पाठ केलेलं उत्तर सांगते आहे. पुन्हा पहिली ओळ, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पहिली ओळ सोन्यासारखी, आणि नंतर एक मोठा खड्डा.

"डरती है," सर म्हणाले. ते वाईट नव्हते, पण त्यांना नाटक वेळेवर उभं करायचं होतं. त्यांनी ठरवलं की दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात गाणं मोबाईलवर भरून घ्यायचं. कार्यक्रमात ते वाजवायचं आणि मैत्रिणीनं नुसते ओठ हलवायचे. पुढच्या आठवड्यात जमलं नाही तर हेच होईल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

घरी जाताना ती म्हणाली, "व्हट हालवायले मी कायले पाह्यजे? कोणीबी हालवंन." मला इतकं वाईट वाटलं की मी रस्त्याच्या कडेच्या डब्याला लाथ मारली.

मग मी डोकं चालवलं. वावरात ती गाते तेव्हा तिचे हात चालू असतात. इथं हात रिकामे. रिकाम्या हातांना गाणं कसं येईल? मला ही गोष्ट इतकी पटली की मी सगळ्या वर्गाला कामाला लावलं. आमच्या वावरातल्या वेचून झालेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून सायकलींवरून शाळेत आणल्या. त्यांची बोंडं रिकामी, म्हणून घरून मूठ मूठ कापूस आणून तो डिंकानं एकेका बोंडात परत चिकटवला. सावरगावची आणि पांढुर्ण्याची पोरं मांडीला मांडी लावून बोंडं भरत होती, केसांत कापूस, नाकात कापूस. मैत्रिणीची आई, आम्हा सगळ्यांची मावशी, तेवढ्यात तिला न्यायला आली. दारात उभी राहून तिनं ते पाहिलं आणि हसू आवरेना तिला.

"अवो पोरींनो, वेचलेला कापूस परत झाडाले लावून राहिल्या? जलमात नाई पाह्यलं बाप्पा असं!"

आम्हीही हसलो. पण मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी मंचावर पऱ्हाट्या उभ्या केल्या, मैत्रिणीच्या कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधली, आणि तिचे हात खरंच चालू लागले. वेचणारीचे हात कसे चालतात ते बघायला सर खुर्चीवरून उठले. "कापूस फुटला बाई, फुटला शिवारभर..." आणि थांबली. हात चालूच होते. गाणं बंद.

माझा पारा चढला. "अगं म्हण ना पुढचं! तोंडात गुळणी धरून काय बसली?" मी सगळ्यांसमोर ओरडले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मलेच समजून नाई राहिलं." ते तिनं इतकं खरं सांगितलं की मी मुकाट पऱ्हाट्या गोळा करायला लागले.

रविवारी आमच्याकडे वेचणी होती. आईनं चहाची किटली देऊन मला वावरात पाठवलं. मी बांधावर पोचले तेव्हा बाया कपाशीत होत्या, प्रत्येकीनं आपापली पात, म्हणजे वेचायची ओळ, धरलेली. मैत्रीण माझ्या बाजूला पाठ करून होती. तिनं गाणं उचललं:

"कापूस फुटला बाई, फुटला शिवारभर..."

आणि चार पाती पलीकडून, कपाशीच्या आडून, तिच्या आईचा जाड, खरखरीत आवाज आला:

"माह्या ओटीत मायेना..."

मैत्रिणीनं लगेच पुढचं उचललं:

"दिस बुडाला बाई, बुडाला नदीपल्याड..."

"माही पात सरेना..."

मी किटली तिथंच ठेवली. हे गाणं मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि मला ते सदैव एकच गाणं वाटत आलं होतं, एकाच तोंडातून येणारं. ते दोघींचं होतं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं झील धरायची. मंचावर माझी मैत्रीण घाबरत नव्हती की विसरत नव्हती. ती पहिली ओळ म्हणून, बिचारी, नेमानं थांबत होती. दुसरी ओळ तिची नव्हतीच.

मी कपाशीतून धावत गेले, दोन-तीन झाडं मोडली, बाबा लांबून ओरडले. "तू थांबून असते!" मी तिला म्हटलं. "तू मावशीसाठी थांबून असते!"

ती वेचता वेचता उभी राहिली. विचार केला. मग हळूच म्हणाली, "हो का वं? असंन." आणि आईकडे बघून हसली.

मावशीला मनवताना मात्र आमच्या नाकी नऊ आले. "मी इस्टेजवर? नाई बाप्पा. लोकं हासतीन." शेवटी ती विंगेत बसेल, कुणाला दिसणार नाही, असं ठरलं. शेवटच्या दोन तालमींना ती कामावरून थेट आली, पडद्याच्या मागं पायरीवर बसली, आणि लेकीचं गाणं असं मोकळं झालं की हार्मोनियमवाला वाजवायचं विसरला. सरांनी चष्मा पुसला. तरी मोबाईलवरचं भरलेलं गाणं त्यांनी पुसलं नाही. "सेफ्टी के लिए," म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी मावशी आली नाही. त्या दिवशी त्यांची टोळी रामाकोन्याच्या बाजूला वेचायला गेली होती, आणि परत येताना टेम्पो पंक्चर झाला. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत की नाटक सुरू झालं आहे, मैदान माणसांनी भरलं आहे, आणि पायरी रिकामी आहे. पिकअपवाला गाऊन आला, टाळ्या घेऊन आला. आत्याचं भांडण झालं. वरातीच्या वेळी तर लोकांनी शिट्या मारल्या. विंगेत मी, माझ्यामागे तबलेवाला, आणि समोरच्या विंगेत सर, हातात मोबाईल.

मैत्रीण पऱ्हाट्यांमध्ये जाऊन उभी राहिली. जाता जाता तिनं पायरीकडे बघितलं. मी खुणेनं सांगितलं, येईल, येईल. मला काही माहीत नव्हतं.

"कापूस फुटला बाई, फुटला शिवारभर..."

माईकवर तो आवाज मैदानभर गेला आणि सगळं मैदान गप्प झालं. ती थांबली. तिचे हात चालू होते, नजर खाली. समोर सरांचं बोट मोबाईलकडे गेलं.

माझ्या आवाजाबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाही. प्रार्थनेच्या वेळी बाई मला 'तू नुसती उभी राहा' म्हणायच्या. पण त्या क्षणी मला आवाजाचं नाही, तिचं वाटलं. ती उभी होती आणि कुणीच उत्तर देत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"माह्या ओटीत मायेना..."

सूर तिच्या वरच्या पट्टीत गाठायला गेले आणि मध्येच आवाज फाटला. मैदानातून हसू आलं, चांगलं मोठं. मागं तबलेवालाही फुर्रकन हसला. माझे कान तापले. सरांचं बोट मात्र तिथंच थांबलं.

मैत्रीण हसली नाही. तिनं दुसरं कडवं उचललं, आणि हार्मोनियमवाला गोंधळला, कारण ती खाली उतरली होती. पुष्कळ खाली. वावरात, तालमीत, कधीच मी तिला त्या पट्टीत ऐकलं नव्हतं. तिथं तिच्या आवाजाची ती धार नव्हती, ते वर झेपावणं नव्हतं. तो साधा, घरातला आवाज झाला होता. एकदाच मिळालेल्या माईकवर ती इतकं हळू गात होती. मला कळेना, हिला झालं तरी काय. मग माझी ओळ आली, मी ती म्हटली, आणि ती लागली. अगदी बरोबर लागली. मला रडू आलं, पण पुढची ओळ होती म्हणून रडता आलं नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत आम्ही दोघींनी ते गाणं नेलं. कुणी हसलं नाही.

पडदा पडल्यावर मी तिला हलवून विचारलं, "इतक्या खाली कायले गेली? इतका चांगला आवाज तुहा, सगळे ऐकून राहिले होते!"

ती कमरेची ओटी सोडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वरतं राह्यली असती त तू कशी आली असती?"