काळं लिंबू

बहारीनमधल्या बुदैयाच्या रस्त्यावर खजुरीखाली एक म्हातारी शेतातली भाजी विकायची. दर शुक्रवारी मी तिच्याशी भावावरून भांडायचो. मी कमी भाव बोललो की ती डोळे मिटून घ्यायची, जणू समोर कुणी नाहीच.

त्या वर्षी आई गावाहून बहारीनला आली होती. गावचं घर तिने माझ्या धाकट्या भावाच्या नावावर केलं होतं. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं, तरी ती माझ्याकडे राहावी असं वाटायचं. वडील गेल्यापासून तिने मासे सोडले होते आणि मला मासळीशिवाय धड काही रांधता येत नव्हतं. माझी वांगी दोन घास खाऊन ती म्हणायची, "माझं तिकीट काढ, बाबा."

एका शुक्रवारी मी वांग्यांवरून आवाज चढवला. म्हातारी मिटल्या डोळ्यांनीच मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम हर बार भाव पूछता. खाएगा कौन?"

"माँ. कुछ नहीं खाती," मी चिडून म्हणालो.

तिने डोळे उघडले. वाळलेलं काळं लिंबू दगडाने फोडलं, माझ्या नाकाशी धरलं आणि पिशवीत टाकलं. "इसके साथ पकाओ. यल्ला, जाओ!"

त्या दुपारी आईने रस्सा भुरकला आणि थांबली. "हे आमसूल नव्हे. काय घातलंस?"

मी सगळं सांगितलं.

"आणि वांगी कितीला घेतलीस?"

मी भाव सांगताच तिने कपाळावर हात मारला. "लुबाडलंन तुला! पुढच्या शुक्रवारी मी येते."

म्हणजे शुक्रवारपर्यंत तरी ती राहणार होती. मी कढई तिच्यापुढे सरकवली.