कुंकवाचा ठिपका

रेल्वेच्या छोट्या मॉडेलांवर गंज रंगवायला बसलो, की टर्पेंटाइनच्या वासासरशी पुणतांब्याची आमची पडवी आठवते. तिथंच मी मालगाडीचा पत्र्याचा एक डबा पहिल्यांदा जुना केला होता. गंज, काजळी, धूळ, सगळं ब्रशनं चढवलेलं. अगदी खरा वाटत होता.

खंडेनवमीला सकाळी बघतो तर डबा राखेनं घासून लख्ख! हळदकुंकू लावून, झेंडू वाहून, विळ्या-कोयत्यांशेजारी पाटावर मांडलेला.

"आई, आठवडाभर रंगवत होतो गं!"

"गाडीच हाय ना ती? मग पूजेला अशी मळकी ठेवत्यात व्हय?"

त्या दिवशी पुरणपोळीलाही शिवलो नाही. आता हसू येतं. हल्ली प्रत्येक डबा मळवून झाला, की दारापाशी कुंकवाएवढा लाल ठिपका देतो. त्याच्यावर मात्र धूळ चढवत नाही.