रॉकेल पचवलेली मोटारसायकल: सोलापूर ते कुर्डुवाडी

‘जुनी गाडी बिनशिशाच्या पेट्रोलवर चालेल का?’ आमच्या मोटारसायकलचा फोटो टाकला की हा प्रश्न येतोच. उत्तर देतो, पण आधी सत्तरच्या दशकातली आमची दिवाळसणाची सफर ऐका.

लष्कराच्या लिलावातली ही गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं घेतली होती. त्या वर्षी पेट्रोल भडकलं आणि त्यांची हौस फिटली. ते म्हणाले, “धक्का न मारता सासुरवाडीला जाऊन ये. जमलं तर गाडी राहील, न्हायतर भंगारात.” माझा जीव त्या गाडीत. कुसुमला, माझ्या नव्या नवरीला, मागं बसवलं, मांडीवर फराळाचा डबा दिला आणि सकाळीच सोलापूर सोडलं.

पुण्याचा रस्ता सरळसोट. मोहोळपर्यंत गाडी छान पळाली. पुढं मोडनिंबला भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन पंपावर गेलो, तर नोजलला कुलूप.

शेजारच्या मळ्यात इंजिन पाणी उपसत होतं. मालक म्हणाला, “पंप कोरडा हाय, पावनं. आमचं इंजन रॉकेलवर पळतं की. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेल सोडायचं.”

“मोटारसायकलला चालंल?”

“जुनी हाय नव्हं? इंजनाचा दाब, कॉम्प्रेशन, कमी आसंल तर चालंल. धूर लई मारंल.”

त्यानं डबाभर रॉकेल दिलं. पैसे घेईना, लाडू मात्र घेतले. ते ओतण्याआधी कुसुमनं टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून फराळाच्या पिशवीत खोचलं. मी हसलो, “माहेरी अत्तर नेतेस का?” तिनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

तिथून कुर्डुवाडीचा फाटा. चढ आला की हँडलवरच्या कळीनं प्लगची ठिणगी जरा मागं घ्यायची, म्हणजे थोडी उशिरा पाडायची, मग इंजिन ठोकत नाही. धूर सोडत, हॉर्न वाजवत मी सासऱ्यांच्या गल्लीत शिरलो आणि ऐटीत दारातच इंजिन बंद केलं. तिथंच चुकलो. मळ्यातला कुणीही बंद करण्याआधी इंजिन पुन्हा पेट्रोलवर घेतो, म्हणजे पुढच्या वेळी ते चालू होतं.

परतीच्या सकाळी गल्ली जमली. मी किक मारून घामाघूम झालो, गाडी ढिम्म. सासरे रेल्वे वर्कशॉपातले. “जावईबापू, धक्का मारू का?” म्हणाले. मी नको म्हटलं, पण भंगारवाला डोळ्यांपुढं उभा राहिला होता.

कुसुमनं पदर खोचला आणि पान्हा मागितला. प्लग काढून पुसला, बाटलीतलं जरासं पेट्रोल भोकातून आत सोडलं, प्लग बसवला. “मामाच्या मळ्यात इंजन मीच चालू करायची. मारा आता.”

दुसऱ्या किकला गाडी भडभडली. सासऱ्यांची छाती फुगली, आणि माझी त्यांच्याहून जास्त. धुरानं गल्ली खोकत होती तरी कुणी हललं नाही.

येताना मोहोळला पेट्रोल मिळालं. घरी अण्णांनी गरम इंजिनाकडं बघून विचारलं, “धक्का?”

“नाही. कुसुमनं चालू केली.” मग सगळं सांगितलं.

त्यांनी आधीच बोलावून ठेवलेल्या भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं आणि म्हणाले, “आता गाडी सूनबाईची.”

तर, उत्तर. आमच्यासारखं कमी दाबाचं जुनं इंजिन बिनशिशाच्या पेट्रोलवर सावकाश चालवलं तर चालतं. शिसं नसल्यानं व्हॉल्व्हची बैठक झिजू शकते, म्हणून व्हॉल्व्हची फट वेळोवेळी तपासा. जास्त दाबाचं इंजिन असेल तर आधी मेकॅनिकला विचारा. आणि रॉकेलाच्या वाटेला जाऊ नका, ती अडल्या वेळची गोष्ट होती.

बिनशिशाचं पेट्रोल नवीन आलं तेव्हा आमचा मेकॅनिक मान हलवत होता. “वहिनी, आता ही गाडी विकून टाका,” म्हणाला. कुसुमनं टाकीवर हात ठेवला.

“माझ्या दिवाळसणाला रॉकेल पचवलंय हिनं. हे काय जड हाय?”

आणि किक तिनंच मारली.