भाजीचं पाणी ओतून देताना

माझ्या माहेरी भाजीचं पाणी फेकणं म्हणजे अन्नाचा अपमान. पालक उकडला की पाणी कणकेत, डाळीचं वरचं पाणी सारात. "सगळं सत्त्व पाण्यात उतरतं," असं आई म्हणायची. लग्नानंतर वारज्यात मीही शेजारणींना तेच ऐकवत आले. त्या कंटाळल्या, मी नाही.

मग यांच्या किडन्या कुरकुरायला लागल्या. रक्तातलं पोटॅशियम वाढलं. आहार काटेकोर सांभाळलात तर डायलिसिस लांबवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीने मला समोर बसवलं. "काकू, बटाटा, गाजर, पालेभाजी, सगळं बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम त्यातच जातं."

"आणि जीवनसत्त्वं?"

"थोडी तीही जातील. पण आधी काकांचं पोटॅशियम."

म्हणजे आई बरोबरच होती. सगळं पाण्यात उतरतं, आणि आता नेमकं तेच मला घालवायचं होतं.

पहिल्या दिवशी पातेलं सिंकवर तिरकं धरलं आणि हात अडला. मग स्वतःचाच राग आला. माणूस मोठा की पाणी? ओतलं.

जेवताना यांनी बटाट्याची पांढरीफटक फोड उचलून उजेडात धरली. "हिचा गुन्हा काय होता?"

"मुकाट्याने जेवा."

"मीठही नाही वाटतं शिक्षेत?"

मी पुढचा घास घेतला. माझ्याही ताटात तीच भाजी होती.

नणंद भेटायला आली ती शहाळं घेऊन. "वहिनी, सगळा कस काढून टाकतेस, दादा वाळला बघ!" शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं. हिच्याशी वाद कोण घालणार? मी ते तिच्यासमोर उभ्याउभ्या पिऊन टाकलं. ती रुसून गेली. रुसू दे.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम उतरलेलं निघालं. "डायलिसिसची आत्ता गरज नाही. हेच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात बसल्यावर यांनी विचारलं, "म्हणजे हे असलंच जेवायचं? जन्मभर?"

"हो. जन्मभर," मी ठणकावून सांगितलं.

आणि मला रडू फुटलं. यांच्या बाबतीत तो शब्द उच्चारायची इतके महिने माझी हिंमत झाली नव्हती.