आज्ञेतला शेवटचा शब्द

माझ्या आत्याने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी हिब्रू अक्षरं गिरवायला घेतली, ती देवासाठी नव्हे. तिला एका माणसाला चारचौघांत खाली बसवायचं होतं. हे तिने कधी लपवलं नाही, म्हणून मीही लपवत नाही.

आत्या एका मोठ्या लाँड्रीत रोलरवर होती. ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती तापलेल्या रोलरमध्ये सरळ सोडायची, एवढंच काम, पण बोट एक इंच पुढे गेलं की कातडी गेलीच. एकोणीस वर्षांत तिची बोटं फक्त दोनदा भाजली होती, आणि त्याचा तिला कोण अभिमान होता.

लाँड्रीच्या मालकांना बाहेर सगळे गुरुजी म्हणत. ते शब्बाथ, म्हणजे शनिवारची पवित्र विश्रांती, पाळणाऱ्या मंडळींपैकी होते आणि प्रार्थनाघरात दर शनिवारी दुपारी शास्त्रातले मूळ हिब्रू शब्द शिकवत. शनिवारी लाँड्रीचं पुढचं शटर खाली असे आणि त्यावर सुबक अक्षरांत पाटी, 'आज शब्बाथ, बंद.' मागचं दार मात्र सकाळी सातला उघडायचं. हॉस्पिटलच्या चादरी आणि तीन हॉटेलांचे टेबलक्लॉथ काही शब्बाथ पाळत नव्हते. आत्याने एकदा विचारलं होतं, तेव्हा मालक म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्या नाही ना, बाई. तुम्हाला शनिवार लागू नाही."

तिला तेव्हा राग आला नव्हता. राग नंतर आला.

आजोबा हॉस्पिटलात होते. एका शनिवारी सकाळी त्यांचा श्वास लागला आणि माझ्या बाबांनी लाँड्रीत फोन केला. साडेनऊ वाजले होते. फोन मालकांनीच उचलला. बाबा म्हणाले, "ताईला लगेच पाठवा, वडील तिचं नाव घेताहेत." मालक म्हणाले, "सांगतो."

आत्याला निरोप मिळाला एक वाजता. मुकादमीण कसनुसं तोंड करून आली आणि तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर मालकांचं वळणदार अक्षर होतं, 'रोलरवालीच्या वडिलांचे जास्त आहे. लोड झाल्यावर सांगणे.' चिठ्ठी लिहून मालक प्रार्थनेला गेले होते.

आत्या पोचली तेव्हा आजोबांना जाऊन दोन तास झाले होते. बाबा तिला एवढंच म्हणाले, "तुझी वाट बघत होते गं."

तिसऱ्या दिवशी मालक घरी आले. पांढरा शर्ट, हातात टोपी. आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या शास्त्रात एक सुंदर शब्द आहे, मनुखा. नुसता आराम नव्हे, खरी विश्रांती. तुमचे वडील मनुखात गेले."

आत्याने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर कप घासताना ती मला म्हणाली, "ह्या माणसाला मी त्याच्याच शब्दांनी झोडपणार. बघशील तू."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतं काहीबाही. पण दोन आठवड्यांनी तिने पाळी बदलून घेतली. शनिवारी सकाळी रोलर आणि दुपारी प्रार्थनाघरातला वर्ग. वर्ग सगळ्यांना खुला होता. तिला मागच्या बाकावर बघून मालकांचा चेहरा उजळला. रोलरवालीला देव भेटला, असंच त्यांना वाटलं असणार.

उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हणजे सुरुवातीला तिची मान आखडायची. ओट्यावर वही उघडी, एका हाताने भाजी परतणं, दुसऱ्या हाताने अक्षरं. "शब्बाथचं मूळ शावात, म्हणजे थांबणं," ती मला सांगे. "आधी थांबणं, मग पवित्र बिवित्र. देवसुद्धा आधी थांबला." दुसऱ्या आठवड्यात, "अवोदा म्हणजे उपासना. आणि अवोदा म्हणजेच राबणं. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, लोकांना मारून मुटकून राबवत होते, त्यालाही हाच शब्द. बघ, एकच शब्द, फक्त कोणासाठी राबतोय ते बदलतं." असं सांगताना तिचे डोळे चमकत, पण ते भक्तीने नाही. ती सुऱ्या निवडत होती.

प्रार्थनाघराचं छोटं ग्रंथालय एक जाड चष्म्याच्या बाई सांभाळत. त्या फारशा कोणाशी बोलत नसत, पण आत्याला त्यांनी कोश वापरायला शिकवलं. आणि तिथेच, वर्गाच्या दुसऱ्या वर्षी, आत्याला हवं ते सापडलं. शब्बाथची आज्ञा शास्त्रात दोनदा येते. मालक नेहमी दुसरी शिकवत, कारण तिच्यात गुलामगिरीची आठवण आहे आणि त्यावर त्यांना डोळे पाणावून बोलता येई. फळ्यावर ते एकेक शब्द मांडत. तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा बैल, तुझ्या वेशीतला परका, तुझा दास, तुझी दासी यांना विसावा मिळावा. इथे खडू ठेवत. वाक्यात पुढे अजून एक शब्द होता.

तिने वर्गात हात वर केला. "गुरुजी, शेवटी ते कामोखा काय आहे?"

पुढच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "काम करून खा, आणखी काय!" वर्ग हसला. मालकही हसले. "नुसता मागे जोडलेला शब्द आहे, बाई. त्याने अर्थात फरक पडत नाही."

आत्याही हसली. घरी आल्यावर तिने मला सांगितलं, "आता मला फक्त गर्दी पाहिजे."

गर्दी आठ महिन्यांनी मिळाली. मंडळींना नवा प्रमुख निवडायचा होता आणि मालकांचं नाव जवळपास पक्कं होतं. त्याआधीच्या शनिवारी वर्गातल्यांनी सर्वांसमोर एकेक शब्द समजावून सांगायचा, असं ठरलं. मालकांनी स्वतःच आत्याचं नाव पुकारलं. "ह्या माझ्या लाँड्रीत काम करतात. अक्षरओळख माझ्याकडेच झाली." लोकांनी कौतुकाने मागे वळून पाहिलं. मी आणि बाबा खिडकीपाशी उभे होतो.

आत्या पुढे गेली. फळ्यावर तिने एकच शब्द लिहिला, नीट, टिंबांसकट.

"कामोखा," ती म्हणाली. "तुझ्यासारखा. तुझ्या दासाला, तुझ्या दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा. गुरुजी हा शब्द शिकवत नाहीत. का नाही शिकवत ते विचारा. मी आज सकाळी सात ते बारा ह्यांच्या चादरी दाबून आले आहे. पुढे पाटी, मागे रोलर. एकवीस वर्षं. मला सांगितलं, तू परकी, तुला लागू नाही. परका त्या आज्ञेत नाव घेऊन घातलाय."

"बाई, ही जागा नव्हे," मालक उठत म्हणाले.

"बसा," आत्या म्हणाली. ते बसले. ते कसे खाली बसले ते मी अजून विसरले नाही.

मग तिने ब्लाउजमधून चिठ्ठी काढून मोठ्याने वाचली आणि पहिल्या बाकावरच्या एका वयस्कर गृहस्थांच्या हातात दिली. "माझे वडील त्या दिवशी गेले. अक्षर ओळखता ना? दर शनिवारी फळ्यावर बघता."

चिठ्ठी बाकाबाकावरून फिरली. चष्म्याच्या बाईंनी ती दोनदा वाचली आणि मालकांकडे वळून स्पष्ट विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं," मालक म्हणाले. "काम अडलं असतं."

प्रमुख दुसराच कोणी झाला. वर्ग चष्म्याच्या बाईंकडे गेला. लाँड्रीचं मागचं दार शनिवारी बंद झालं. हॉस्पिटलने चादरी रविवारी घ्यायला एका शब्दात होकार दिला, म्हणजे इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. आत्याला काढून टाकायची मालकांची हिंमत झाली नाही, पण ते तिच्यासमोरून जायचं टाळू लागले.

एवढ्यावर तिचं भागलं नाही. प्रार्थनाघरात ती बरोबर त्यांच्या मागच्या बाकावर बसू लागली. ते डावीकडे सरकले की ही डावीकडे. ते लवकर आले की ही त्याहून लवकर. एकदा ते मागे वळून म्हणाले, "बाई, किती दिवस? मी माफी मागतो."

"मागा," आत्या म्हणाली. "ऐकते आहे." आणि ती खरंच शेवटपर्यंत ऐकत राहिली, हात घडी घालून. त्यांचं बोलून झाल्यावर तिने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

दीड वर्षाने ते येईनासे झाले. मग लाँड्री विकून दुसऱ्या गावी मुलीकडे गेले. त्यांच्या रिकाम्या बाकामागे बसून आली त्या शनिवारी आत्या घरभर उगाच भांडी आपटत होती. मी म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? मग आता सोड की."

"काय सोडू?" ती म्हणाली. "माझे वडील साडेनऊपासून वाट बघत होते. साडेअकरापर्यंत. ते दोन तास कोण परत देणार आहे?"

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "पण बसला कसा मटकन, नाही का?" आणि हसली. त्या हसण्यात दया औषधालाही नव्हती.