खिडकीजवळची जागा

मे महिन्याच्या सुट्टीत विद्यापीठ बघायला येणारी मुलं मला फार आवडतात. वर्ग रिकामे असतात, तरी ती दबकत चालतात, आत तास चालू असल्यासारखी.

काल एक मुलगी वडिलांबरोबर आली. मी विभागाच्या व्हरांड्यात उभी होते.

"मॅडम, वर्ग आतून बघू का?" तिनं विचारलं. मी दार उघडून दिलं.

ती या बाकावर बसून बघ, त्या बाकावर बसून बघ, असं करत शेवटी खिडकीपाशी थांबली. तिथून फुललेला बहावा दिसतो. तिनं फळ्याकडे पाहिलं, बाहेर पाहिलं आणि हातातला रुमाल बाकावर पसरून ठेवला, एसटीत जागा धरायला ठेवतात तसा.

"अगं, अजून प्रवेश कुठं झालाय?" वडील ओशाळून म्हणाले.

"होईल की, आप्पा. जागा तर धरून ठेवते."

मला या वर्गात इतकी वर्षं कुरकुरणारा पंखा आणि खडूची धूळच दिसत आली. तिला मात्र नुकतीच फलाटाला लागलेली गाडी दिसली होती. लांबचा प्रवास, आणि खिडकी मिळालेली.

ती दोघं गेली. रुमाल तिथंच होता. उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसऱ्यानं ठेवलेला रुमाल कुणी हलवत नाही. मग मी फळ्यापाशी गेले, आणि डबीत खडू आहेत ना, ते बघून घेतलं.