आईच्या माहेरचा उंबरा आणि पाण्यातला कॅमेरा

मी आळेफाट्यावर लग्नांचं शूटिंग करतो. पाठवणीला सगळा मांडव रडतो आणि मी फोकस बघतो, धंदाच तसला. त्यामुळे डिंभ्याच्या धरणात बुडालेल्या माहेरघराचा दगडी उंबरा एकदा बघायचाय, असं आई म्हणाली तेव्हा मला आधी कॅमेराच सुचला. गाव उठलं तेव्हा मामानं तुळया, दारं, कौलं गाडीत घालून नेली होती. उंबरा तेवढा तिथंच राहिला.

"खूण सांग त्याची," मी म्हणालो.

"खूण कसली? बघितला की कळंल मला."

पुण्यातला दुकानदार हेल्मेटवर लावतात तसला चिमुकला कॅमेरा गळ्यात मारायला बघत होता. मी ऐकतोय होय! मला बाजूला उघडणारा पडदा हवा होता, आईला चष्म्यातून नीट दिसेल असा. शेवटी मुठीत मावणारा, अंधुक उजेडातही बरं टिपणारा हँडीकॅम घेतला. पाण्यात न्यायला त्याला हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारं कवच लागतं. मऊ पिशवीचं स्वस्त होतं, पण मी जाड, पारदर्शक, खटक्यांचा डबा निवडला. त्याचा सगळा जीव झाकणाच्या रबरी रिंगेत. आत टिश्यू पेपर ठेवून तो पिंपात बुडवला. कागद कोरडा निघाला, तेव्हा मी एकटाच अंगणात नाचलो.

निघायच्या सकाळी आईनं नव्या वस्तूची पूजा केली. उघड्या डब्याला हळद-कुंकू, वर अक्षता.

"अगं, ट्रॅक्टर आहे का तो?" मी चिडवलं, काच पुसली आणि झाकण लावलं.

होडीवाल्यानं आईच्या गावच्या बुडालेल्या देवळाच्या अंगाला होडी थांबवली. मी दोरीनं कॅमेरा खाली सोडला. वर ओढला तर डबा पाण्यानं भरलेला. रिंगेखाली अक्षतेचा एक दाणा अडकला होता. मला रडूच आलं. राग तरी कुणावर काढणार?

काठावर आई वाट बघत उभी होती. "दिसला का रं?"

"लई गढूळ व्हतं पाणी. पुढच्या उन्हाळ्यात येऊ."

"येऊ की," म्हणत तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडावरून फिरवलं. दाणा मी तिला दाखवला नाही.

आई दिवाळीपर्यंतही राहिली नाही. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. पाठवणीचं शूटिंग आता मी दुसऱ्याला करायला लावतो. माझ्यानं होत नाही.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा गेलो. कॅमेरा दुसरा, डबा तोच, रिंग नवी. पूजा करायला घरात कोणी नव्हतं. डब्यात थेंबभर पाणी शिरलं नाही आणि चित्र असं स्वच्छ आलं, की काय सांगू. गाळातून डोकं काढलेले, एका ओळीत पाच दगडी उंबरे.

होडीवाला पडद्यात डोकावला. "यातला तुमचा कोन्चा, भाऊ?"

मी पाचही उंबरे पुन्हा पुन्हा बघितले. मला एकही ओळखता आला नाही.